लपविलेले शस्त्र आणि खुला वर्ग : अमेरिकेतील गुप्त शस्त्रधारणाच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली. अवघ्या एका वाक्याच्या या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याच्या हक्काला घटनात्मक आधार दिला. परंतु हा हक्क कोणाचा, कोणत्या शस्त्रांचा आणि कोणत्या ठिकाणी बजावण्याचा, हे प्रश्न तिने अनुत्तरित ठेवले. त्यानंतरच्या दोन शतकांत या प्रश्नांची उत्तरे विधिमंडळे, न्यायालये, समाजशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ आपापल्या परीने देत आले आहेत. घरात बंदूक ठेवणे आणि ती घेऊन बाजारात, बसमध्ये, उपाहारगृहात किंवा महाविद्यालयात वावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यातही ती उघडपणे कमरेला लावणे आणि कोटाखाली वा पिशवीत लपवून नेणे यांत पुन्हा फरक आहे. यांपैकी शेवटचा प्रकार, म्हणजे सर्वसामान्य नागरिकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल लपवून बाळगणे, हा गेल्या चार दशकांतील अमेरिकन सार्वजनिक जीवनातील एक अत्यंत तीव्र वादविषय ठरला आहे.

या वादावर विपुल लेखन झाले आहे. तथापि त्यातील बहुतांश लेखन ‘बंदूक’ या शब्दाभोवती फिरते. ‘लपविलेली’ या विशेषणाचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे. वस्तुतः या वादाचे वेगळेपण त्या विशेषणात आहे. समोरच्या माणसाजवळ शस्त्र आहे की नाही हे कळू न देणे, हाच या प्रथेचा गाभा होय. समर्थकांना तिच्यात दिसणारा लाभ आणि विरोधकांना वाटणारे भय ही दोन्ही या न कळण्यातूनच उत्पन्न होतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने वादाच्या ऐतिहासिक, सांख्यिकीय आणि न्यायालयीन बाजूंची चिकित्सा केली असून, तिचा विशेष रोख महाविद्यालयीन वर्गातील शस्त्रधारणाच्या प्रश्नावर आहे. अध्यापनाशी निगडित असलेल्यांना या वादाची खरी कसोटी तेथेच लागलेली दिसेल.

निंद्य प्रथेपासून मान्य हक्कापर्यंत

आज अमेरिकेत गुप्त शस्त्रधारण ही सभ्य आणि संयमी प्रथा मानणारे अनेक जण आढळतात. शस्त्र दिसल्यास लोक घाबरतात, म्हणून ते झाकून न्यावे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. एकोणिसाव्या शतकातील धारणा मात्र याच्या नेमकी उलट होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवून शस्त्र बाळगण्यावर निर्बंध घातले. केंटकीतील कायदा तेथील न्यायालयाने १८२२ मध्ये रद्द ठरविला. परंतु पुढे १८५० च्या राज्यघटनेत केंटकीने असे शस्त्र प्रतिबंधित करण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्टपणे दिला. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ मध्ये उघडपणे शस्त्र बाळगण्यावरील बंदी अमान्य केली, मात्र लपवून बाळगण्यावरील बंदी कायम ठेवली. लुइझियानाच्या न्यायालयाने १८५० मध्ये हाच भेद नैतिक भाषेत मांडला. उघड शस्त्र हे मर्दानी स्वसंरक्षणाचे, तर लपविलेले शस्त्र हे दगाफटक्याचे लक्षण होय, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या भेदामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. उघड शस्त्र समोरच्याला पूर्वसूचना देते. ते पाहून तो माणूस सावध होऊ शकतो, दूर जाऊ शकतो किंवा आपले बोलणे आवरू शकतो. लपविलेले शस्त्र ही संधी हिरावून घेते. म्हणजेच त्या काळातील आक्षेप शस्त्राच्या मारक शक्तीवर नव्हता, तर दोन माणसांमधील माहितीच्या विषमतेवर होता. २००८ मध्ये ‘हेलर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तिगत हक्क असल्याचे प्रथमच स्पष्ट केले. त्या निकालपत्रातही न्या. स्कालिया यांनी एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य न्यायालयांनी गुप्त शस्त्रधारणावरील बंदी वैध मानली होती, हे नमूद केले आहे.

मग हे परिवर्तन कसे घडले? शहरीकरणाबरोबर उघड शस्त्र हे पौरुषाचे नव्हे, तर धमकीचे चिन्ह ठरत गेले. विसाव्या शतकात बहुतेक राज्यांनी गुप्त शस्त्रधारणासाठी परवाना आवश्यक केला आणि तो द्यावा की नाही हे स्थानिक पोलीस अधिकाऱ्याच्या अथवा न्यायाधीशाच्या विवेकावर सोडले. १९११ मधील न्यूयॉर्कचा सलिव्हन कायदा हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९८७ मध्ये फ्लोरिडाने या पद्धतीऐवजी, विहित अटी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला परवाना देणे बंधनकारक करणारा कायदा केला. त्यानंतर अशा कायद्यांची लाट आली. पुढचा टप्पा परवानाच रद्द करण्याचा होता. व्हरमाँटमध्ये अशा परवान्याची पद्धत नव्हतीच. अलास्काने २००३ मध्ये आणि ॲरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची अट काढून टाकली. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली. सुमारे चार दशकांत एका निंद्य प्रथेचे अर्ध्याहून अधिक राज्यांत विनापरवाना हक्कात रूपांतर झाले, ही सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय घटना होय.

आकडेवारीचा वाद : काय मोजले आणि काय निसटले

या परिवर्तनाला बौद्धिक बळ देणारा ग्रंथ म्हणजे अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांचा ‘मोअर गन्स, लेस क्राइम’ होय. १९९८ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो प्रसिद्ध केला. लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९७७ ते १९९२ या काळातील कौंटीनिहाय गुन्ह्यांची आकडेवारी तपासून, बंधनकारक परवान्याचे कायदे करणाऱ्या राज्यांत खून, बलात्कार आणि गंभीर हल्ले यांचे प्रमाण घटले, असा निष्कर्ष काढला होता. खुनांतील घट त्यांच्या मते सात ते आठ टक्क्यांच्या दरम्यान होती. त्यांचे स्पष्टीकरण साधे आणि आकर्षक आहे. कोणाजवळ पिस्तूल आहे हे गुन्हेगाराला कळत नसल्यामुळे त्याला प्रत्येकच संभाव्य बळी सशस्त्र असू शकतो असे गृहीत धरावे लागते. परिणामी जे शस्त्र बाळगत नाहीत त्यांनाही संरक्षण मिळते.

या ग्रंथाचे श्रेय नाकारता येणार नाही. घोषणांच्या पातळीवर चाललेला वाद त्याने पडताळता येण्याजोग्या विधानांच्या पातळीवर आणला. परंतु पडताळणी सुरू झाल्यावर निष्कर्ष डळमळीत झाले. इयान आयर्स आणि जॉन डॉनह्यू यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, आधारभूत वर्षे वाढविली किंवा गणिती प्रारूपात लहान बदल केले, तर घट नाहीशी होते आणि काही ठिकाणी वाढ दिसू लागते. एक महत्त्वाचा मुद्दा क्रॅक कोकेनच्या साथीचा होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मादक पदार्थाच्या व्यापारामुळे न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतील मोठ्या शहरांत खुनांचे प्रमाण भडकले. ही राज्ये नेमकी असा कायदा न करणारी होती. त्यामुळे कायदा करणारी राज्ये त्यांच्या तुलनेत अधिक सुरक्षित भासली. २००४ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने उपलब्ध पुराव्यावरून या कायद्यांचा परिणाम कोणत्याही दिशेने निश्चित करता येत नाही, असा अभिप्राय दिला. समितीचे एक सदस्य जेम्स क्यू. विल्सन यांनी मात्र, निदान खुनांच्या बाबतीत लॉट यांचा निष्कर्ष टिकतो, असे भिन्नमत नोंदविले. पुढे २०१९ मध्ये डॉनह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने केलेल्या अभ्यासात, असे कायदे लागू झाल्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे १३ ते १५ टक्के अधिक असल्याचे आढळले. मोटारींतून पिस्तुलांची होणारी चोरी हे त्यामागील एक कारण म्हणून सांगितले जाते. कायदेशीर शस्त्र अशा रीतीने बेकायदेशीर बाजारात पोहोचते.

स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा उपयोग किती वेळा होतो, या प्रश्नाची स्थितीही अशीच आहे. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये दूरध्वनीवरील सर्वेक्षणाच्या आधारे वर्षाला सुमारे २५ लाख असा अंदाज मांडला. शासकीय गुन्हेपीडित सर्वेक्षणातून निघणारा आकडा याच्या कित्येक पटींनी लहान आहे. डेव्हिड हेमेनवे यांनी या तफावतीचे कारण स्पष्ट केले. क्लेक आणि गर्ट्झ यांच्या सुमारे ५,००० जणांच्या नमुन्यात होकारार्थी उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण १.३ टक्क्यांच्या आसपास होते. अशा दुर्मीळ घटनेच्या बाबतीत नमुन्यातील केवळ एक टक्का लोकांनी चुकीने, आठवणीच्या गोंधळाने किंवा बढाईपोटी ‘होय’ म्हटले, तरी संपूर्ण देशाचा अंदाज अनेक पटींनी फुगतो. संशोधनपद्धतीच्या विद्यार्थ्यांना शिकविण्याजोगे हे उदाहरण आहे.

तथापि या सांख्यिकीय वादात एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून निसटली आहे. गुन्ह्यांची संख्या मोजता येते. पण अनिश्चिततेमुळे माणसांच्या नित्य वर्तनात होणारा बदल पोलिसांच्या नोंदवहीत उमटत नाही. लॉट यांच्या सिद्धांतानुसार गुप्ततेची जरब केवळ गुन्हेगारावर बसते. ती जरब गुन्हेगार ओळखून त्याच्यापाशीच थांबते, असे मानण्यास मात्र त्यांच्या ग्रंथात कोणताही आधार नाही. शिक्षक, शेजारी, वाटसरू आणि पोलीस हे सर्व त्याच न दिसणाऱ्या शक्यतेच्या छायेत वावरतात.

दोन घटना या संदर्भात एकत्र वाचाव्यात. जुलै २०२२ मध्ये इंडियाना राज्यातील ग्रीनवुड येथील एका मॉलमध्ये गोळीबार करणाऱ्या तरुणाला जवळच असलेल्या एका सशस्त्र नागरिकाने काही क्षणांत ठार केले. त्या राज्यातील परवान्याची अट याच महिन्याच्या आरंभी रद्द झाली होती. समर्थकांचे म्हणणे येथे खरे ठरले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याआधी जून २०२१ मध्ये कोलोरॅडोतील अरवाडा येथे एका नागरिकाने आपल्या जवळच्या लपविलेल्या पिस्तुलाने एका हल्लेखोराला असेच रोखले होते. पण घटनास्थळी आलेल्या पोलिसाने त्या नागरिकालाच हल्लेखोर समजून गोळी घातली आणि तो मरण पावला. दोन्ही नागरिकांचे धैर्य समान होते. दुसऱ्या प्रसंगी ‘चांगला माणूस’ आणि ‘वाईट माणूस’ यांतील फरक पाहणाऱ्याला दिसू शकला नाही. अनिश्चितता हेच ज्या व्यवस्थेचे बलस्थान आहे, तिचा हा घातक दोषही आहे.

परवान्याचा विवेक कोणाच्या हाती?

वरील विवेचनावरून जुनी, अधिकाऱ्याच्या विवेकावर चालणारी परवाना पद्धत योग्य होती असा निष्कर्ष काढल्यास तो घाईचा ठरेल. समर्थकांच्या बाजूचा सर्वांत सबळ युक्तिवाद येथेच आहे आणि भारतीय वाचकाला तो सहसा परिचित नसतो.

अमेरिकेत शस्त्रनियंत्रणाचा इतिहास वंशभेदाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपीने केलेल्या कायद्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याविना बंदूक बाळगण्यास मनाई केली. १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला आहे त्याच्यापेक्षा अधिक गरजू अर्जदार कोण असू शकेल? तरीही त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पुढे किंग यांनी शस्त्राचा मार्ग पूर्णतः सोडला, ही त्यांची नैतिक निवड होती. पण अधिकाऱ्याच्या तथाकथित विवेकाने त्या दिवशी काय केले हे त्यामुळे पुसले जात नाही. २०२२ च्या ‘ब्रुएन’ खटल्यात न्यूयॉर्कमधील गरिबांचे वकीलपत्र घेणाऱ्या काही सार्वजनिक बचाव वकिलांनी त्या राज्याच्या कडक कायद्याविरुद्ध निवेदन दिले. विनापरवाना शस्त्राबद्दल तुरुंगात जाणारे त्यांचे अशील बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, हे त्याचे कारण होते.

परंतु नियमाधारित परवान्यानेही ही विषमता संपत नाही. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय मोटारचालकाला थांबविले. त्याच्याजवळ रीतसर परवाना होता आणि आपल्याजवळ शस्त्र असल्याचे त्याने स्वतःहून पोलिसाला सांगितले. त्यानंतर काही क्षणांतच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. पुढील वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. ज्या नागरिकाने गुप्तता सोडून प्रामाणिकपणा स्वीकारला, त्याचाच बळी गेला. परवाना कागदावर समान असला, तरी तो धारण करणाऱ्या शरीराकडे पाहणारी दृष्टी समान नसते, हे या घटनेने स्पष्ट केले.

‘ब्रुएन’ निकाल आणि इतिहासाची कसोटी

२३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रुएन’ खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यूयॉर्कचा कायदा रद्द ठरविला. अर्जदाराने विशेष कारण सिद्ध केले पाहिजे ही अट घटनाबाह्य असल्याचे न्या. टॉमस यांनी लिहिलेल्या निकालपत्रात म्हटले आहे. त्याहून दूरगामी बाब म्हणजे न्यायालयाने घालून दिलेली कसोटी होय. शस्त्रविषयक निर्बंध वैध ठरण्यासाठी तो उपयुक्त आहे हे दाखविणे पुरेसे नाही. तो अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे. न्या. ब्रायर यांनी आपल्या भिन्नमताचा आरंभ २०२० मध्ये बंदुकीने मृत्यू पावलेल्या ४५,२२२ जणांच्या उल्लेखाने केला. या आकड्यांचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध काय, असा प्रतिप्रश्न न्या. अलिटो यांनी आपल्या पूरक मतात उपस्थित केला. या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, हे लक्षात घेतल्यास अलिटो यांची शंका अगदीच निराधार नव्हती. मात्र दोन न्यायमूर्ती एकाच प्रश्नाकडे पाहत असताना एकाला मृत्यू दिसावेत आणि दुसऱ्याला परंपरा दिसावी, यातून वादाची कोंडी प्रकट होते.

इतिहासालाच प्रमाण मानायचे, तर गुप्त शस्त्राविषयी इतिहास काय म्हणतो हे पूर्वी पाहिलेच आहे. न्यायालयाने त्याचे उत्तर असे दिले की, जुन्या काळी लपवून बाळगण्यावर बंदी असली, तरी उघडपणे बाळगण्याची मुभा होती; एकूण बंदी नव्हती. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर सुसंगत आहे. परंतु त्यातून निष्पन्न होणारा व्यवहार पाहता एक विसंगती उरते. पूर्वसूचनेचे तत्त्व हा त्या परंपरेचा आत्मा होता. परंपरेतून हक्क घेतला गेला आणि पूर्वसूचनेचे तत्त्व मागे राहिले. २०२४ च्या ‘रहिमी’ निकालात न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने, कौटुंबिक हिंसाचारामुळे प्रतिबंधक आदेश लागू असलेल्या व्यक्तीला शस्त्र नाकारणे वैध ठरविले आणि ऐतिहासिक कसोटी काहीशी लवचिक केली. गुप्ततेचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला.

वर्गातील शस्त्र

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना ठार केले. मृतांत मूळचे भारतीय असलेले एक प्राध्यापक आणि मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली एक विद्यार्थिनी यांचा समावेश होता. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेक घरांत त्या दिवशी हा प्रश्न परदेशातील राहिला नाही. या हत्याकांडातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले गेले. मानसिक आरोग्याच्या कारणास्तव न्यायालयाने स्वतःस धोकादायक ठरविलेल्या व्यक्तीला पिस्तुले विकत मिळालीच कशी, असे एका पक्षाने विचारले. वर्गातील एकाजवळ तरी पिस्तूल असते तर, असे दुसऱ्याने विचारले. महाविद्यालयांत गुप्त शस्त्राला परवानगी मागणारी विद्यार्थ्यांची संघटना या घटनेनंतर लगोलग स्थापन झाली.

पुढील काळात युटा, आयडाहो, टेक्सस, कॅन्सस, जॉर्जिया आदी राज्यांतील सार्वजनिक विद्यापीठांत या ना त्या स्वरूपात ही परवानगी लागू झाली. टेक्ससचा कायदा २०१५ मध्ये संमत होऊन १ ऑगस्ट २०१६ रोजी अमलात आला. त्याच दिवशी बरोबर पन्नास वर्षांपूर्वी ऑस्टिन येथील विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने गोळीबार केला होता. त्या १९६६ च्या घटनेचेही दुहेरी वाचन होते. खालून नागरिकांनी केलेल्या प्रतिगोळीबारामुळे हल्लेखोराला आडोसा घ्यावा लागला, असे समर्थक सांगतात. मनोऱ्यावर चढलेल्या पोलिसांना त्याच गोळ्यांचा धोका होता, असे विरोधक सांगतात. दोन्ही विधाने खरी आहेत.

टेक्ससच्या कायद्याने २१ वर्षे पूर्ण झालेल्या परवानाधारकांना वर्गात पिस्तूल लपवून आणण्याची मुभा दिली. खासगी विद्यापीठांना यातून बाहेर राहण्याची सवलत होती आणि जवळजवळ सर्वांनी ती घेतली. विद्यापीठ समूहाचे कुलपती विल्यम मॅकरेव्हन यांनी कायद्याला विरोध केला. ते नौदलातील निवृत्त ॲडमिरल होते आणि ओसामा बिन लादेनवरील कारवाईचे सूत्रसंचालन त्यांनी केले होते. शस्त्रांविषयीच्या अज्ञानातून विरोध होतो, हा आरोप त्यांच्या बाबतीत संभवत नव्हता. नोबेल पुरस्कारप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी, खटला झाला तरी चालेल, पण आपल्या वर्गात शस्त्र येऊ देणार नाही, अशी भूमिका जाहीर केली. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल हॅमरमेश यांनी तेथील अध्यापन थांबविले.

या साऱ्यांहून अधिक बोलका दस्तऐवज ह्यूस्टन विद्यापीठाच्या प्राध्यापकसभेत फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढे आला. संवेदनशील विषयांवर चर्चा करताना सावध राहावे, काही विषय अभ्यासक्रमातून वगळण्याचा विचार करावा, विद्यार्थ्याचा राग जाणवल्यास विषय पुढे नेऊ नये, विद्यार्थ्यांना अवेळी एकट्याने भेटू नये, अशा आशयाच्या सूचना त्यात होत्या. एकही गोळी सुटण्यापूर्वी अध्यापनाची पद्धत बदलू लागली होती, हे या सूचनांवरून दिसून येते. विद्यार्थ्याला अनुत्तीर्ण करणे, त्याच्या श्रद्धेला प्रश्न विचारणे, शोधप्रबंधातील उणिवा दाखविणे ही शिक्षकाची दैनंदिन कामे आहेत. ती करताना समोरच्याच्या दप्तरात काय असेल याचा विचार मनात येणे, हेच मुळी अध्यापनाचे नुकसान होय.

ऑस्टिन येथील तीन प्राध्यापिकांनी हाच मुद्दा घेऊन न्यायालयात धाव घेतली. शस्त्राच्या शक्यतेमुळे वर्गातील मुक्त चर्चा दबते आणि त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो, असा त्यांचा दावा होता. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. त्रयस्थ व्यक्ती भविष्यात काय करतील याविषयीच्या कल्पनेवर ही भीती आधारलेली आहे. तिच्यापोटी शिक्षकाने बोलणे आवरले, तर ते त्याने स्वतःवर लादून घेतलेले बंधन ठरते, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा सारांश सांगता येईल.

या निर्णयाचा विचार लॉट यांच्या सिद्धांताशेजारी ठेवून केला पाहिजे. गुन्हेगार कचरतो तो कशामुळे? त्रयस्थ व्यक्तीजवळ कदाचित पिस्तूल असेल आणि ती कदाचित ते वापरील, या कल्पनेमुळेच. म्हणजे त्याचेही आवरणे भविष्यकालीन शक्यतेवर आधारलेले आणि स्वतःवर लादून घेतलेलेच असते. ही अदृश्य शक्यता गुन्हेगाराचे वर्तन बदलण्याइतकी वास्तव असेल, तर तीच शिक्षकाचे वर्तन बदलते तेव्हा तिला काल्पनिक म्हणता येणार नाही. आणि ती काल्पनिकच असेल, तर जरबेचा संपूर्ण सिद्धांत कोसळतो. गुप्त शस्त्राचा लाभ मान्य करून त्याची हानी अमान्य करणे तर्काला धरून नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, न्यायालयापुढील प्रश्न केवळ दावा दाखल करण्याच्या पात्रतेचा होता. भीती खरी की खोटी, याचा निवाडा न्यायालयाने केलाच नाही. हा आक्षेप योग्य आहे. पण त्यामुळे एवढेच सिद्ध होते की, या हानीची दाद मागण्यासाठी विद्यमान कायद्यात जागा नाही. दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. कायदा लागू झाल्यावर वर्गावर्गांत गोळीबार होतील ही भाकिते खरी ठरली नाहीत. परवानाधारकांकडून झालेले जे प्रकार चर्चेत आले, त्यांत २०१४ मध्ये आयडाहोत एका प्राध्यापकाच्याच खिशातील पिस्तुलातून वर्गात गोळी सुटून त्यांचा पाय जखमी होणे, २०१६ मध्ये टेक्ससमधील एका वसतिगृहात चुकून गोळी सुटणे अशा अपघातांचा समावेश आहे. विरोधकांनी आपली भाकिते अतिरंजित होती हे मान्य करावयास हवे. परंतु गोळीबार न होणे म्हणजे हानी न होणे नव्हे. न विचारलेला प्रश्न, न दिलेला कठोर शेरा आणि टाळलेला विषय यांची नोंद कोठेच होत नाही.

भारतीय संदर्भ

शस्त्राच्या हक्काचा विचार भारताला अपरिचित नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केल्याचे शल्य राष्ट्रीय चळवळीत खोल रुजले होते. १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. परंतु १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी असा हक्क घटनेत घालण्याची सूचना केली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. शस्त्र धारण करण्याच्या व्यक्तिगत हक्कापेक्षा त्यासंबंधीच्या कर्तव्यावर भर असावा, अशी त्यांची भूमिका होती. अखेर भारतीय घटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क नमूद झाला. ज्यांनी अस्पृश्यतेचा दाह सोसला आणि दुर्बलावरील हिंसा ज्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही, त्यांनी संरक्षणाचा भार शस्त्रावर न टाकता कायद्याच्या राज्यावर टाकला, हे किंग यांच्या उदाहरणाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. मात्र कायद्याच्या राज्याने आपला शब्द पाळला नाही, तर हा युक्तिवाद दुबळा होतो, याचीही जाणीव ठेवली पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. गुप्त शस्त्रधारणाच्या वादातील निर्णायक घटक शस्त्राची संख्या नसून त्याची गुप्तता हा आहे. एकोणिसाव्या शतकातील कायद्याने ही बाब ओळखली होती. आधुनिक वादात ती दुर्लक्षित राहिली.

२. ‘अधिक बंदुका, कमी गुन्हे’ हे प्रमेय नंतरच्या पडताळणीत टिकलेले नाही. तथापि सशस्त्र नागरिकाने प्राण वाचविल्याच्या घटनाही वास्तव आहेत आणि त्या नाकारून विरोधकांचा पक्ष बळकट होत नाही.

३. अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणारा परवाना दुर्बल गटांवर अन्याय करतो. म्हणून परवान्याचे निकष स्पष्ट आणि सर्वांना समान असावेत. परंतु परवाना कोणाला द्यावा आणि शस्त्र कोठे नेऊ द्यावे, हे दोन स्वतंत्र प्रश्न असून पहिल्याच्या उत्तरात दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरणे चुकीचे आहे.

४. जरबेचा सिद्धांत स्वीकारणाऱ्याला वर्गातील दडपणाचा सिद्धांतही स्वीकारावा लागतो, कारण दोन्हींची यंत्रणा एकच आहे.

‘ब्रुएन’ निकालाने विधिमंडळे, न्यायालये आणि मतदान केंद्रे ही संवेदनशील ठिकाणे म्हणून मान्य केली आहेत. या सर्व ठिकाणी माणसे मतभेद उघडपणे मांडण्यासाठी किंवा मिटविण्यासाठी जमतात आणि तेथे शब्दाला शस्त्राचे भय असू नये, अशी अपेक्षा असते. विद्यापीठाचा वर्ग हे याच जातीचे ठिकाण आहे. तेथे विद्यार्थी आणि शिक्षक आपली मते, आपले अज्ञान आणि आपल्या चुका एकमेकांसमोर उघड्या करतात, आणि समोरच्यानेही काही लपविलेले नाही हा विश्वास असेल तोपर्यंतच ते शक्य होते.